आमच्यात पोवळं उजेड खातं

"त्या दगडाला पिशवीभर मीठ, आन् माझ्या आमटीत चिमूट न्हाय."

हे वाक्य नीलम्मा अव्वांनी भिंतीकडं तोंड करून म्हटलं. म्हणजे ते सुनेला ऐकू जावं, पण सुनेला सांगितलं असं होऊ नये, अशी त्यात सोय होती. समोरच्या खोलीत फॉल-पिकोचं मशीन आणि त्यापासून दीड हातावर अव्वांची कॉट. मशीन चालू असलं की अव्वा पुटपुटत, मशीन थांबलं की गप्प होत. सव्वीस वर्षांच्या संसारात सिद्धेश्वरी एक गोष्ट शिकली होती, सासूची तक्रार पूर्ण ऐकायची असेल तर पाय पायट्यावरून काढायचा नाही.

तक्रार खोटी नव्हती. नवऱ्याला, बसवेशला, बीपी निघालं तेव्हा डॉक्टरांनी मीठ त्याच्या एकट्याचं कमी केलं होतं. पण तीन माणसांत दोन आमट्या कोण करणार, म्हणून सिद्धेश्वरीनं तो हुकूम घरभर लागू केला. आणि त्याच घरात आता पाच किलोची मिठाची पिशवी आली होती, तीही पुण्याहून.

"अव्वा, ते खायचं मीठ नाही," सिद्धेश्वरीनं मशीन थांबवून सांगितलं. "समुद्राचं आहे."

"आन् आपलं कुटलं आसतंय? डोंगरावरचं?"

सिद्धेश्वरीनं पुन्हा पायटा दाबला.

हे सगळं एका काठापायी झालं होतं. मोबाइलवर ती पिकोचे नवीन नमुने बघत होती आणि मधेच एक व्हिडिओ आला. निळ्या पाण्यात जांभळी गोल चकती, आणि तिच्या कडेला इतका बारीक, इतका एकसारखा काठ की सिद्धेश्वरीला आधी वाटलं, हे कुणाच्या तरी हातचं काम आहे. टाका कुठला ते बघायला तिनं चित्र मोठं केलं. तर तो काठ हलला. वारा नाही, मशीन नाही, आपला आपण हलला. खाली लिहिलं होतं, नवख्यांसाठी सोपं पोवळं.

पोवळं म्हणजे तिला मंगळसूत्रातलं माहीत होतं, अंगठीतलं माहीत होतं. पोवळं वाढतं, त्याला काठ असतो आणि तो हलतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. मग हा दगड आहे की झाड आहे की जनावर? बेचाळीस साड्या पडून असताना तिला हा प्रश्न पडला आणि पडला तो उठेचना.

दगडी जातीचं पोवळं पाळायला कायद्यानं बंदी आहे, हे तिला पुण्याच्या दुकानदारानं फोनवर सांगितलं. हे मऊ अंगाचं चालतं, बिल जपून ठेवा, म्हणाला. बटणांसारखी एक सुंदर जात होती, तीही त्यानं नको म्हटली, तिला विष असतं. सिद्धेश्वरीला तो माणूस आवडला. विकायला बसलेला माणूस अर्धा वेळ नको नको म्हणतो, हे सोलापूरच्या नवी पेठेत तिनं कधी पाहिलं नव्हतं.

जानेवारी सरता सरता गड्ड्याची जत्रा उठली आणि घरात साठ लिटरची काचेची पेटी आली. नळाचं पाणी चालत नाही, सोलापूरचं तर नाहीच, म्हणून जारचं पाणी आलं. त्यात ते मीठ विरघळवलं, खाली वाळू, मधे चार खडबडीत दगड, वर निळा दिवा.

"आता पोवळं कधी?" बसवेशनं विचारलं. तो पतसंस्थेत रोखपाल, त्याला प्रत्येक गोष्टीची तारीख लागते.

"आधी टाकी सायकल व्हावी लागते म्हणे. पाच-सहा आठवडे."

बसवेशनं टाकीकडं पाहिलं, मग बायकोकडं. "सायकल?"

"पाणी पिकायला पाहिजे. दगडात बारीक जंतू धरले पाहिजेत, मगच त्यात जीव राहतो."

"म्हणजे सहा आठवडे आपण मिठाचं पाणी बघायचं."

तसंच झालं. पण ते घरच्यांनी एकट्यांनी बघितलं असतं तर चाललं असतं. समोरची खोली म्हणजे दुकानच, साडी घेऊन आलेली प्रत्येक बाई आधी टाकीसमोर वाकायची. समोरच्या घरातली गुरम्मा पहिल्या दिवशी वाकली ती बराच वेळ सरळच झाली नाही.

"मासे कुठं लपलेत गं?"

"मासे नाहीत."

"मेले?"

"आलेच नाहीत अजून."

"मग लाइट कुणासाठी लावलीस?"

गुरम्माचा स्वभाव वाईट नाही, फक्त तिला कुठलीही गोष्ट एका घरात मावलेली बघवत नाही. दुसऱ्या दिवशी गल्लीत सगळ्यांना कळलं की सिद्धेश्वरी मिठाच्या पाण्याला लाइट दाखवत बसते. निळा दिवा रस्त्यावरून दिसायचा, त्यामुळं एक गृहस्थ झेरॉक्सला आले. एकानं मोबाइलची काच बदलून मागितली. सल्ले तर दारातून आत येऊन बसत. कुणी म्हणे सैंधव घाला, कुणी म्हणे खडेमीठ घाला, ते पातळ पडत नाही. कुणी म्हणे पाणी उकळून घेतलं का? साडीला फॉल कुठला लावायचा हे ज्या बायकांना पाच मिनिटं ठरवता येत नाही, त्या समुद्र कसा करायचा हे उभ्या उभ्या सांगत होत्या.

पोवळं येणार हे कळल्यावर तर कहरच झाला. सिद्धेश्वरी नवी पेठेत दोऱ्याची रिळं घ्यायला गेली, तर दुकानदारानं रिळं बाजूला ठेवून आवाज खाली आणला.

"वहिनी, तुमी पोवळं पिकवताय म्हणं. किती रत्तीचं हुईल? आमच्या भाचीला मंगळ हाय."

"ते अंगठीतलं नाही हो."

"मग कशातलं?"

"पाण्यातलं."

"सगळंच पाण्यातलं की ओ. आमच्यासाठी एक धरून ठेवा."

ती रिळं न घेताच घरी आली. पिकोवाली म्हणून तिला या पेठेत मान होता. आता ती सराफ झाली होती, आणि सराफाकडं माल नव्हता.

मार्चात माल आला. पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या गाडीनं थर्माकोलचा खोका पुणे नाक्याच्या पार्सल ऑफिसात उतरला आणि तिथंच अडकला. सिद्धेश्वरी आणि बसवेश स्कूटरवर गेले. काउंटरवर यशपाल नावाचा तिशीचा माणूस होता, नीटनेटका, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. त्यानं रजिस्टर त्यांच्याकडं फिरवलं. दुकानदारानं खोक्यावर जे इंग्रजीत लिहिलं होतं, ते यशपालनं प्रामाणिकपणे मराठीत उतरवून घेतलं होतं: जिवंत पोवळे, नग दोन.

"मॅडम, अडचण अशी आहे, की पोवळं म्हटल्यावर मौल्यवान माल होतो. त्याला सराफाचं बिल लागतं."

"मी सराफ नाही. फॉल-पिको करते."

"पण जिवंत पण लिहिलंय. जिवंत म्हटल्यावर जनावर. जनावर आम्ही घेतच नाही. मागं एकानं कोंबडा पाठवला, तो फलटणपासून ओरडत आला."

"हे ओरडत नाही."

"तसा रकाना नाही आमच्याकडं." त्यानं बोटानं रकाने दाखवले. कपडे. औषधे. सुटे भाग. मौल्यवान. नाशवंत. "मग मला सांगा, हे आहे काय? दगड आहे, झाड आहे की जनावर?"

सिद्धेश्वरी त्याच्याकडं बघत राहिली. तीन महिने जो प्रश्न ती रोज स्वतःला विचारत होती, तो एका माणसानं अधिकृतपणे विचारला होता, आणि उत्तर तिला आता वाचून वाचून ठाऊक झालं होतं. जनावर. लहान लहान तोंडांचं, हाडं नसलेलं, एका जागी चिकटून बसलेलं जनावर. पण तसं म्हटलं तर खोका परत पुण्याला जाणार होता, आणि बाहेर अडतीस डिग्री होतं.

"नाशवंत आहे," बसवेश म्हणाला.

"नाशवंतात काय? फुलं, मिठाई, भाजीपाला."

यशपालनं खोक्याला कान लावला. मग त्यानं पेन काढलं, सुवाच्य अक्षरात 'भाजीपाला' असं लिहिलं आणि पावती फाडून दिली. "लवकर न्या मॅडम. सुकायला नको."

ही पावती पुढं फार महागात पडली.

कारण घरी खोका फोडताना अव्वा कॉटवरून उठून आल्या. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतलं ते जांभळं वेटोळं उजेडाकडं धरून पाहिलं आणि यशपालसारखाच प्रश्न विचारला.

"झाड हाय का जनावर?"

आणि कुणी उत्तर द्यायच्या आत पुढचं सांगून टाकलं. "मासं-मटण खाणारं काय आसलं तर मला आताच सांगा. आपल्यात चालत न्हाय. मी जेऊरला धाकट्याकडं जाती, तुमी बसा हितं समुद्र घिऊन."

अव्वा गळ्यातल्या लिंगाची पूजा केल्याशिवाय पाणी पीत नाहीत. शेजारी अंड्याचं आमलेट झालं तर खिडकी लावतात. त्या बोलल्या की बोलल्या. आणि सिद्धेश्वरीला एकदम ती समोरची खोली कॉटशिवाय दिसली. अव्वा तिथं बसून साड्यांचे सुटलेले दोरे काढत, गोंड्यांना गाठी मारत, कुठल्या बाईनं कुठली साडी दिली हे लक्षात ठेवत. सिद्धेश्वरीची आई गेली तेव्हा पंधरा दिवस मशीन बंद होतं. सोळाव्या दिवशी अव्वांनीच सुईत दोरा ओवून दिला होता आणि भिंतीकडं तोंड करून झोपल्या होत्या. त्या पुटपुटीशिवाय मशीन चालवायचं म्हणजे नुसता आवाज.

तिनं बसवेशकडं पाहिलं. बसवेशनं खिशातून पावती काढली आणि रोखपालाच्या आवाजात वाचली.

"भाजीपाला. नग दोन."

"बघू." अव्वांनी पावती हातात घेतली, शिक्का बघितला. शिक्क्यापुढं अव्वांचं फारसं चालत नाही. "आस्सं," म्हणाल्या आणि कॉटवर जाऊन पाठ वळवून झोपल्या.

तर अशी दोन पोवळी सोलापुरात शाकाहारी म्हणून राहू लागली. जांभळ्या चकतीला सिद्धेश्वरीनं पापड म्हणायला सुरुवात केली, कारण पापड तळताना फुलतो तशी ती दुपारच्या उजेडात फुलायची. दुसरं देठावरचं, वर गोल आणि त्यावर बारीक केसांचं रान, ती छत्री. दुकानदार म्हणाला होता की ही दोन्ही मुख्यतः उजेडावर जगतात. त्यांच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, ते उजेडातून अन्न करतं आणि घरमालकाला वाटा देतं. ही व्यवस्था सिद्धेश्वरीला फार आवडली. भाडेकरू स्वयंपाक करतो आणि घरमालक जेवतो, असं घर तिनं अजून पाहिलं नव्हतं.

"पण पापडाला आठवड्यातून एकदा झिंग्याचा बारीक तुकडा दिला तर खूश होतो," दुकानदार पुढं म्हणाला.

सिद्धेश्वरीनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "नाही दिला तर?"

"नाही दिला तरी चालतं. पण ताई, खाताना बघण्यासारखं असतं."

हे वाक्य त्यानं बोलायला नको होतं. बघण्यासारखं काही आहे आणि ते आपण बघायचं नाही, हे सिद्धेश्वरीला आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

बसवेशनं गोठवलेल्या झिंग्यांचं पाकीट आणलं. आयुष्यात पहिल्यांदाच हातात धरलं असावं, वर्तमानपत्राच्या चार घड्या, त्यावर पिशवी, त्यावर आणखी एक पिशवी, आणि चेहरा असा की वाटेत कुणी हाक मारली असती तर पाकीट टाकून पळाला असता. ते फ्रीजरमधल्या डब्यात गेलं. डब्यावर सिद्धेश्वरीनं पट्टी चिकटवून लिहिलं, 'गवार'. अव्वांना गवारीनं वात होतो, त्या गवारीच्या डब्याला हात लावत नाहीत.

पहिला शनिवार. दुपारी अव्वा घोरत होत्या. सिद्धेश्वरीनं चिमट्यात नखाएवढा तुकडा धरला आणि पापडावर अलगद ठेवला. काही झालं नाही. मिनिटभर काहीच झालं नाही. मग पापडाची कड उचलली, अगदी सावकाश, सगळीकडून एकदम. ती आत वळली, वळत वळत आली, आणि बटव्याची नाडी ओढावी तसं ते सगळं मिटलं. तुकडा आत. बाहेर फक्त एक जांभळी मूठ.

सिद्धेश्वरी चिमटा धरून तशीच बसली. तिला हे ताबडतोब कुणाला तरी सांगायचं होतं. घरात एकच माणूस होतं आणि ते कॉटवर घोरत होतं, आणि नेमकं त्याच माणसाला सांगता येत नव्हतं.

संध्याकाळी बसवेशला सांगितलं, तेही स्वयंपाकघरात, कुकरची शिट्टी होताना. तो म्हणाला, "बरं. पण कुणी विचारलं तर काय खातं सांगायचं?"

"उजेड. खोटं नाही ते."

"उजेड," बसवेशनं पाठ करून ठेवलं.

तिसऱ्या शनिवारी गुरम्मा नेमकी चिमट्याच्या वेळी दारात आली. तिनं झिंगा बघितला, अव्वांकडं बघितलं, तोंडावर पदर धरला. ती कुणाला बोलली नाही, हा सोलापूरच्या इतिहासातला चमत्कार आहे. फक्त त्या दिवसापासून तिच्या साड्या रांगेत न थांबता आधी होऊ लागल्या.

मग एप्रिल लागला. सोलापूरचा एप्रिल कसा असतो ते सोलापूरच्या माणसाला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. टाकीचं पाणी कोमट झालं. दुकानदार म्हणाला, पाण्यावर पंखा लावा. घरातला चांगला पंखा एकच होता, तो बसवेशच्या खुर्चीपाशी. तो टाकीकडं वळला. त्यानंतर रोज संध्याकाळी बसवेश बनियनवर वर्तमानपत्रानं वारा घेत बसायचा आणि समोर पोवळ्यांच्या केसांना झुळूक लागायची.

"पुढच्या जन्मी," तो एकदा म्हणाला आणि वाक्य पुरं केलं नाही.

पंख्यानं पाणी गार राहिलं, पण उडायला लागलं. रोज बोटभर खाली. सिद्धेश्वरी हयगय करणारी नव्हती, दर सोमवारी थोडं पाणी बदलणं तिनं कधी चुकवलं नव्हतं. ती रोज सकाळी जारच्या पाण्यात मापून मीठ घालायची, नीट ढवळायची आणि टाकी काठोकाठ भरायची. मीठ बघायचा प्लास्टिकचा काटा होता, पाण्यात बुडवला की हिरव्या पट्ट्यात उभा राहायचा. काटा रोज हिरव्यात. सगळं पुस्तकाप्रमाणं.

आणि छत्री मिटली. आधी केस आत गेले, मग वरून मेण फासल्यासारखं झालं. दोन दिवसांनी पापडही आक्रसला. तळलेला पापड चार दिवस उघड्यावर राहावा तसा, कडा ओढलेला, रंग गेलेला.

सिद्धेश्वरीनं झिंगा बंद केला. भाजी म्हटल्याचा राग आला असेल, असा एक विचार तिच्या मनात येऊन गेला. तो मूर्खपणाचा आहे हे तिला कळत होतं, तरी शनिवार गेला आणि तिनं डबा काढला नाही. दुसरा शनिवार गेला. तिसराही जवळ आला.

साड्या घेऊन येणाऱ्या बायका आता टाकीसमोर वाकत, सरळ होत आणि हवेबद्दल बोलत.

"उन्हाळ्याचं झोपलं असंल," गुरम्मा म्हणाली.

"लाजत असेल," बसवेश म्हणाला. पतसंस्थेत बुडीत खात्याला तो हाच आवाज वापरतो.

दुकानदारानं विचारलं, "मीठ बघितलं का?"

"काटा हिरव्यात आहे."

"मग थांबा ताई. कात टाकतात ही कधीकधी."

थांबणं म्हणजे काय करायचं असतं? तिनं पाणी वर भरणं तेवढं चालू ठेवलं.

बुधवारी सकाळी ती असंच पाणी ओतत होती, हातात तांब्या. मशीन बंद होतं. तरी अव्वा बोलल्या, आणि भिंतीकडं तोंड न करता बोलल्या. इतकं अघटित होतं की बसवेशनं दाढीचा फेस तसाच ठेवून बाहेर डोकावलं.

"आमटी आटली तर परत मीठ घालतीस का गं?"

"नाही," सिद्धेश्वरी म्हणाली. "पाणी घालते. मीठ असतंच की त्यात, आटलं तरी मीठ कुठं..."

ती थांबली. तांब्याही थांबला.

पाणी उडतं, मीठ उडत नाही. ती तीन आठवडे रोज सकाळी आटलेल्या आमटीत मीठ घालत होती. सव्वीस वर्षं स्वयंपाक केलेली बाई. फक्त आमटीचं नाव समुद्र होतं म्हणून.

"पण काटा," ती म्हणाली.

"काट्याला काय जीभ हाय का? लई खारट झालंय पाणी. परवापास्नं तर तोंडात धरवंना."

बसवेशच्या गालावरून फेस ओघळला.

"अव्वा," सिद्धेश्वरी हळू म्हणाली, "तुम्हाला कसं कळलं?"

"बोट घालून बघती की रोज. तुझ्या आमटीत मीठ न्हाय. कुटं तरी चव घ्यावी का न्हाय माणसानं?"

बसवेश म्हणाला, "अव्वा, पण त्या पाण्यात..." आणि बायकोकडं बघून बाथरूममध्ये परत गेला. त्या पाण्यात काय पडत होतं हे तिघांपैकी दोघांना माहीत होतं. शेजारच्या आमलेटाला खिडकी लावणारी बाई रोज त्या पाण्यात बोट बुडवून चाखत होती. हे पाप कुणाच्या खात्यावर लिहायचं, हे रोखपालालाही सुचलं नाही.

सिद्धेश्वरीनं काटा काढून लिंबाच्या पाण्यात टाकला. तासाभरात त्याच्या अंगावरचा पांढरा क्षार सुटला. ती काटा रोज बोअरच्या पाण्यानं धूत होती, तो क्षार त्याच्यावर चढून तो जड झाला होता आणि खोटं हिरवं दाखवत होता. धुतलेला काटा टाकीत घातला तर तो हिरवा सोडून पार वर जाऊन टेकला. जिभेचं खरं निघालं.

एकदम गोडं पाणी घातलं तर धक्का बसतो, म्हणून रोज थोडं खारं काढायचं आणि थोडं गोडं घालायचं. गुरुवारी. शुक्रवारी. पुढं आठवडाभर. अव्वा सकाळी पूजा उरकून येऊन बोट बुडवत आणि निकाल देत. "अजून हाय." "उतरलं थोडं." "आता बरं हाय, लोणच्यावरनं आमटीवर आलं." सिद्धेश्वरी काट्याशी ताडून बघायची. जीभ आणि काटा एका रेघेचाही फरक पडू देत नव्हते. आणि प्रत्येक वेळी ते बोट तोंडात जाताना ती डोळे मिटून घ्यायची.

नवव्या दिवशी छत्रीवरचं मेण सुटून पाण्यात गेलं. दहाव्या दिवशी, शनिवारी, केस बाहेर आले. एक एक नाही, सगळे, शेवयांचं ताट पालथं घातल्यासारखे. पापड फुलला होता, कडेचा काठ ताठ, हलका हलका हलणारा.

त्याच दुपारी जेऊरहून शिवम्मा आली, धाकटी जाऊ. दर मे महिन्यात ती अव्वांना आंब्यांसाठी न्यायला येते. अव्वांची पिशवी भरून दाराशी ठेवली होती. सिद्धेश्वरी सकाळपासून त्या पिशवीकडं बघायचं टाळत होती. पिशवी दरवर्षीसारखी आंब्यांपुरतीच होती, की ह्या वेळी जरा जास्त भरलेली होती, तिला ठरवता येत नव्हतं.

गुरम्माही हजर होती, पोवळी उघडल्याचं कळल्यावर ती कशी घरी बसेल. सगळे टाकीसमोर उभे राहिले. अव्वा कॉटवर बसल्या होत्या.

"अगंबाई," शिवम्मा वाकून म्हणाली. "हलतंय की ओ हे. वैनी, काय खातंय?"

"उजेड," सिद्धेश्वरी म्हणाली.

"उजेड," बसवेश म्हणाला.

"उजेडच," गुरम्मा म्हणाली, कुणी विचारलं नसताना.

शिवम्मानं तिघांकडं पाहिलं. "नुसता उजेड?"

"भाजी आहे ती," बसवेश म्हणाला. "पावती आहे आपल्याकडं."

अव्वांनी पाय खाली सोडले, चष्मा घातला. "आज वार कुटला गं?"

"शनिवार, अव्वा."

"मग?"

गुरम्मानं तोंडावर पदर धरला.

"शिवम्मा, ती पिशवी बाजूला ठेव. आपण पाचच्या गाडीनं जाऊ, दुपारच्या न्हाय. आन् आंबं संपलं की मला परत आणून सोड. हितं मीठ कोण बघणार?" अव्वा सिद्धेश्वरीकडं वळल्या. "चार शनवार झालं. फ्रीजातला गवारीचा डबा काढ."

सिद्धेश्वरीनं आधी टाकीकडं, मग अव्वांच्या बोटाकडं पाहिलं. "अव्वा, तुम्ही रोज बोट..."

"शनवार-आयतवार घालत न्हाय मी बोट. सोमवारी तू पाणी बदलतीस, मग घालती. मला काय कळत न्हाय व्हय?" त्यांनी कॉट थोडी टाकीकडं सरकवायला सांगितली, आणि बसवेशनं ती मुकाट्यानं सरकवली. "उजेड खातंय म्हणं. जनावर हाय ते. झिंगा खातंय. मूठ मिटावी तसं मिटतंय, लई ग्वाड दिसतंय. मी पयल्या शनवारपास्नं बघती, घोरत घोरत."